उभ्यांची मोजणी

ऑरिन थेअरने आपल्या चाकांच्या खुर्चीला ब्रेक लावला आणि माइक ओठांशी घेतला.

“दोन गाड्यांपुरती जागा,” तो म्हणाला. “मैदानाच्या कडेला, या सभागृहाच्या दाराशी. मग मी माझी गाडी चालवत येईन आणि माझा मी आत येईन. बँकेमागे गाडी लावली तर पुढे सगळा खडीचा चढ. त्यापायी हिवाळाभर मला गाण्याच्या तालमी सोडाव्या लागल्या.”

वेस्ट हार्लोच्या ग्रामसभेने टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना या गावात कधीच तोटा नसतो. निम्म्या सभागृहाला ऑरिनने शाळेत भूगोल शिकवला होता. मग मैदान समितीची मर्सी हॅलोवेल उठली. ती त्याची शाळेतली वर्गमैत्रीण.

“ऑरिन, तुझे हाल आम्हाला दिसत नाहीत का रे? पण हे सगळ्या गावाचं कुरण आहे. आपल्या पणजोबांनी तिथे मेंढ्या चारल्या. आज दोन गाड्या, उद्या बस उभ्या करतील लोक.”

“मेंढ्या कसल्या? तू माझ्या कुत्र्यालाही हाकलतेस!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

“आणि खडीचं म्हणशील तर नुसती हाक मार,” मर्सी म्हणाली. “दहा जण उचलून आणतील तुला. गाव कशाला असतं मग?”

“मला कुणी उचलायला नकोय, मर्सी. मी साठीचा आहे, सहा महिन्यांचा नाही.”

लोक पुन्हा हसले. त्याने ते विनोद म्हणून म्हटलं नव्हतं.

मग बराच वेळ गवतावर खल झाला. गवताची मुळं, इंजिनातून गळणारं तेल, पानगळीत मैदानाचे फोटो काढायला येणारे पाहुणे. ऑरिनच्या विरोधात कुणी अवाक्षर काढलं नाही. प्रत्येकाने आधी त्याचं कौतुक केलं आणि मग ‘पण’ म्हटलं. शिव्या परवडल्या, असं ऑरिनला वाटून गेलं.

“बाजूने असतील त्यांनी उभं राहावं,” सभाध्यक्ष वेंडेल क्रॉकर म्हणाले.

इथे मत देतात ते उभं राहूनच. बाकं करकरली. ऑरिनने हात जितका वर जाईल तितका वर केला. मोजणीला कॅल्विन डन होता, त्याचाच जुना विद्यार्थी. हवेत बोट नाचवत तो रांगेरांगेने पुढे गेला. उभ्या माणसांच्या खांद्यांमध्ये तो हात बुडून गेला होता. मग विरोधातले उभे राहिले.

आकडे सारखेच निघाले.

“बरोबरी म्हणजे ठराव पडला,” वेंडेलनी हातोडा आपटला.

“कॅल्विन, मला मोजलंस?”

कॅल्विनचे कान लाल झाले. “सर, मी... उभे होते तेवढे मोजले.”

वेंडेल खाकरले. “चूक झाली असेल तर पुन्हा मोजू की. फक्त सात जणांनी आत्ता उभं राहून तशी मागणी करायला हवी. नियमच आहे तसा.”

तळघरातून शिजलेल्या घेवड्याचा आणि डुकराच्या मांसाचा वास वर येत होता. एकदा उभं राहून झालं होतं. एक बाई अर्धवट उठली, आपण एकटीच आहोत हे पाहून तिने बुडाखाली अडकलेला कोट ओढून सारखा केला आणि बसली.

“कशाला आता गावात फूट?” कुणीतरी पुटपुटलं.

ऑरिनने खुर्ची वळवली. तो एकेका बाकाकडे पाहत गेला, तसतसे लोक हातमोजे शोधायला लागले. वेंडेलनी रीतसर वाट पाहिली आणि बर्फ उपसायच्या यंत्राचा विषय पुकारला.

सभा संपल्यावर ऑरिन दाराकडे निघाला. बाहेर बर्फाचा चिखल झाला होता.

“थांब, थांब!” मर्सी ओरडली. “अरे, ऑरिनला धरा कुणीतरी!”

“नको. मी जाईन हळूहळू.”

“लाजतोस काय? सगळी आपलीच तर माणसं!”

चौघं पुरले असते. नऊ जण धावले. ज्याला खुर्ची धरायला मिळाली नाही, त्याने खुर्ची धरणाऱ्याची कोपरं धरली. त्यांनी त्याला पार खांद्यापर्यंत उचललं, तेव्हा मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. मर्सीचे डोळे खरोखरच भरून आले होते.

पुढचं चाक कॅल्विनने धरलं होतं. ऑरिनने वरून एकेक चेहरा पाहून घेतला.

“आता मोज, कॅल्विन,” तो म्हणाला.

टाळ्या चालूच होत्या, त्यामुळे ते बाकी कुणाला ऐकू गेलं नाही.