नसलेल्या ओट्यावर टेकलेलं कोपर

"सर, तुमचा चष्मा घालून पडलं, तर खरंच लागतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भोंग्याने भर वर्गात विचारलं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही जिचा घसा बसायचा, तिला यंदा असा काही कंठ फुटला होता की मैत्रिणींनी तिचं नावच भोंगा ठेवलं. वर्ग खिदळला. यंत्रं दाखवायला आलेले चष्मेवाले सर मात्र गंभीरच.

"लागतं तर! चष्मे दोन तऱ्हेचे असतात. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चढवला, की तुझी खोली गुल आणि समोर दुसरंच जग. खरं टेबल दिसतच नाही, त्यामुळे नडगी सडकून निघते. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीत तुझीच खोली दिसते, फक्त तिच्यात नसलेली वस्तू मांडलेली दिसते."

भोंग्याने हे अर्ध्या कानानेच ऐकलं. तिच्या डोक्यात बाबा शिरले होते.

बाबा सुतार. स्वयंपाकघरातली कपाटं करावीत तर त्यांनीच. पण ती आधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे उभी करायची, तर तिथे त्यांचं घोडं अडायचं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन आराखडे परत पाठवले होते. "कागदावरून डोळ्यांसमोर येतच नाही हो!" हे काम हातचं गेलं, की बाबा परगावच्या फर्निचर कारखान्यात मुकादम म्हणून जाणार आणि महिन्यातून एकदा घरी उगवणार. आईने त्यांच्या बॅगेला नवी चेनसुद्धा बसवून आणली होती. भोंग्याला ती चेन बघवत नव्हती.

शाळा सुटताच तिने सरांना फाटकातच गाठलं. शनिवारी सर चष्म्यासकट बाबांच्या कारखानावजा शेडमध्ये हजर; आई आणि मुद्दाम बोलावलेल्या डॉक्टरीणबाईही तिथेच.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा चढवला आणि किंचाळल्याच. "अगंबाई! केवढं ऐसपैस! खिडकीतून समुद्र!" प्लायवुडच्या ढिगाजवळ उभ्या राहून त्या हवेतले ड्रॉवर उघडत-लावत सुटल्या. "ठरलं! अस्संच हवं!"

बाबांना राहवेना. "बघू तरी मी." चष्मा त्यांच्या नाकावर गेला. आता सुतार झाला म्हणजे ओटा दिसल्यावर आधी ठोकणार, मग भार टाकून बघणार. बाबांनी ठोकलं. आवाज नाही. तेव्हा तर संशय आणखीच बळावला, म्हणून त्यांनी कोपर टेकलं. ओटा जागच्या जागी राहिला आणि बाबा भुशाच्या पोत्यावर आडवे.

"अहो, लागलं का?" आई धावली.

"ओट्याला विचार," बाबा कण्हले.

"सर, लागतं!" भोंगा ओरडली.

बाबा केसांतला भुसा झटकत उठले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "बाई, तुमच्या खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या एसीचं खोकं आहे. आणि चष्म्यातलं हे तयार नमुन्याचं स्वयंपाकघर तुमच्या सबंध घराएवढं आहे. यातलं निम्मंही तुमच्याकडे मावायचं नाही."

भूल न देता दात उपटावा, तसा बाईंचा चेहरा झाला. "मग राहू द्या," म्हणत त्यांनी पर्स उचलली.

भोंगा दारात आडवी उभी राहिली. वर्गात अर्ध्याच कानाने ऐकलेलं सरांचं ते दुसरं वाक्य तिला एकदम आठवलं. "थांबा! सर, ती दुसरी तऱ्हा! खोली बाईंची, कपाट आपलं! तो चष्मा कुठाय?"

"त्याला चष्मा कशाला? फोनवरही होतं," सर म्हणाले.

"मग इतका वेळ गप्प का होतात?"

"मला कुणी विचारलंच नाही!"

अर्ध्या तासात वरात बाईंच्या स्वयंपाकघरात. सरांनी बाबांचा आराखडा फोनमध्ये घातला, भोंग्याने फोन उंच धरला. पडद्यावर तोच टवका उडालेला फरशीचा तुकडा, तोच गळका नळ आणि कोपऱ्यात बाबांचं उंच कपाट. इतक्यात ज्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं, त्या बाईंच्या सासूबाई धुण्याची बादली घेऊन आल्या आणि थेट कपाटातून आरपार गेल्या.

"अहो सासूबाई, कपाट!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"कुठलं कपाट? सूनबाई, दुपारची जरा पडत जा गं."

भोंग्याने पडद्यावर बोट लावून कपाटाचं दार उघडलं. दार गेलं ते थेट फ्रिजच्या पोटात. बाबांनी कानावरची पेन्सिल काढली. "बिजागरीचं दार नको. सरकतं करू. आणि कपाट चार बोटं इकडे घे गं." भोंग्याने घेतलं. बाई फोनकडे बघत राहिल्या, मग कोपऱ्याकडे, मग पुन्हा फोनकडे.

"आत्ता आलं डोळ्यांसमोर," त्या म्हणाल्या. "कधी सुरू करताय?"

घरी परतताना आई खुशीत होती. बाबा मात्र कोपर चोळत मागे रेंगाळत होते. "एक काम मिळालं गं," ते शेवटी म्हणाले. "पण दर गिऱ्हाइकाला हे दाखवणार कोण? मी बोट लावलं की कपाट छताला चिकटतं. कारखान्याला उद्या होकार कळवावाच लागेल."

भोंगा रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागचा सायकलवाला घंटा बडवत थांबला.

"आई, बाबा, नीट ऐका. शनिवार-रविवार मापं मी घेणार, फोन मी धरणार, गिऱ्हाइकांशी मीच बोलणार. शाळा संपली की रंधाही शिकणार. उद्या कारखान्याला नकार कळवा. तुम्ही कुठेही जात नाही आहात, बाबा. माझं ठरलंय!"