वळणावरचा दिवा

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे नवल वाटायला नको. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या, लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून स्वतःचे डोळे चुरचुरवून घ्यायचे, आणि मान ताठली की घरी यायचं. अशा माणसाच्या जिभेवर साखर कुठून असणार? एकच सुख मी धरून ठेवलं होतं. दुकान उघडायच्या आधी धान्याच्या गोदामामागच्या वळणावर जायचं आणि सात चाळीसच्या मालगाडीचा फोटो काढायचा.

सोळा वर्षं. तीच गाडी, तेच वळण. लोक म्हणायचे, एकदा काढला की झालं ना! गाढवाला गुळाची चव काय. गाडी तीच असते हो, पण उजेड? धुक्यात आधी नुसता आवाज येतो, मग पांढऱ्यातून इंजिनाचं तोंड हळूहळू उमटतं. पाऊस पडून गेला की रूळ चमकतात. आणि ढगाची खोड अशी की तासभर लख्ख ऊन, पण गाडी वळणावर आली की हा नेमका सूर्यापुढे येऊन बसणार. कितीदा तरी हात हलवत घरी आलोय.

त्या गाडीवर आठवड्यातून दोन-तीनदा माझे दाजी असायचे. ताईचा नवरा, इंजिन ड्रायव्हर. तीन महिन्यांपूर्वी ते गेले. जेवून उठले, हात धुवायला गेले, आणि तिथेच कोसळले.

मग एका रविवारी ताई माझ्याकडे आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "मला ह्यांचा एक फोटो दे. गाडी चालवतानाचा. बाकीचे आहेत, लग्नाबिग्नातले, कुणाच्या तरी खांद्यामागून डोकावणारे. पण एकतीस वर्षं माणूस जिथे बसला, तिथे मी त्याला एकदाही बघितलं नाही. तुझ्याकडे नसला तर कुणाकडे असणार?"

मी म्हटलं, शोधतो, आठवड्याने ये. काय घडलं होतं ते मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी दाजी वळणावर मला बघितलं की खिडकीतून हात बाहेर काढून हलवायचे. दर खेपेला. एकदा वर्षातून एखाद्या वेळी मिळतो तसा उजेड मिळाला, धुकं विरतंय आणि मागून कोवळं ऊन. नेमका फोटोत तो हात, आणि इंजिनाच्या दिव्याचा असा भगभगाट की अर्धा फोटो जळाला. त्या संध्याकाळी ताईकडे जेवायला होतो. भरल्या ताटावर मी दाजींना फाडफाड बोललो. हात कशाला काढता, तो दिवा कशाला डोळ्यांत घालता, सगळा फोटो नासवला. मोठ्या माणसाशी असं बोलतात का, पण जिभेला हाड असतं तर ना. दाजी हसले, म्हणाले, "बरं बाबा, राहिलं." दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हात कधी बाहेर आला नाही. मला बरंच वाटलं.

आठवडाभर दुकानातून आलो की खोके उपसले. चांगला फोटो छापायचा, मागे तारीख लिहायची, वाईट असेल तो पुसून टाकायचा, ही माझी शिस्त. सूर्य माझ्या पाठीशी असतानाचेच फोटो मी ठेवले होते, आणि त्या उन्हात इंजिनाची काच पांढरीफटक दिसते, आतलं काही म्हणता काही दिसत नाही. काचेतच जन्म गेलाय माझा, मला ते कळायला हवं होतं. मळभात काचेची चमक निवते, आत माणूस दिसू शकतो. पण मळभातले सगळे मी पुसलेले. हात दिसणारे तर कधीच पुसले होते. सातशे-आठशे फोटो, आणि दाजी एकातही नाहीत. शनिवारी मी चक्क रडलो.

रविवारी ताई आली ती दाजींच्या ड्युटीच्या डायऱ्या पिशवीत घालून. कुठल्या दिवशी कुठली गाडी, हे ते बारीक अक्षरात लिहायचे. मी तिला सगळं सांगितलं. फोटो नाही, आणि का नाही, तेही.

"माहीत आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवाच होता. "तू गेल्यावर म्हणाले होते, तुझ्या भावाच्या फोटोत आपल्याला जागा नाही."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, निदान ज्या गाडीत हे होते ते फोटो तरी दाखव, काच पांढरी तर पांढरी. मग आम्ही टेबलावर फोटो मांडले. ती डायरीतली तारीख वाचायची, मी फोटो काढून द्यायचो. हे कुठल्या बाजूला बसायचे, तिने विचारलं. मी पांढऱ्या काचेवर बोट ठेवून दाखवलं. एकतीस वर्षांच्या संसारात तिला एवढंही ठाऊक नव्हतं.

अर्ध्या तासाने तीच थांबली. एका हातात दाजींच्या दिवसाचा फोटो, दुसऱ्यात चुकून आलेला भलत्याच दिवसाचा.

"ह्याचा दिवा एवढा मंद का? आणि हा बघ, केवढा भगभगतोय."

मला वाटायचं, काही इंजिनांचे दिवेच खराब असतील. आम्ही पुन्हा पहिल्यापासून बघितलं. डायरीत ज्या तारखेला दाजी, त्या तारखेला दिवा मंद. दुसरा कुणी असला की पूर्ण. एकदाही चूक नाही.

"दिव्यावरूनही बोलला होतास तू त्या दिवशी," ताई म्हणाली.

मग ती उठली आणि भिंतीपाशी गेली. तिथे मी माझे सर्वांत चांगले बारा फोटो फ्रेम करून लावले होते. तिने एकेक उतरवला, मागची तारीख वाचली, डायरी उघडली. बाराच्या बारा दाजींचे. इतरांच्या गाड्यांचे फोटो दिव्याने जळायचे आणि मी उजेडाला शिव्या घालायचो. नाचता येईना, अंगण वाकडं. सोळा वर्षं मला वाटत होतं, उजेड मला कळतो.

ताईने विरत्या धुक्यातला, कोवळ्या उन्हाचा फोटो निवडला. बाहीने काच पुसली, त्या मंद दिव्याकडे बराच वेळ बघितलं.

"दिसले," ती म्हणाली, आणि फोटो पिशवीत घालून गेली.

सोमवारी सवयीने मी वळणावर गेलो. मळभ होतं. सात चाळीसला गाडी आली, दिवा पूर्ण पेटलेला. मी कॅमेरा बाहेर काढलाच नाही, हात वर केला आणि गाडी जाईपर्यंत हलवत राहिलो. ड्रायव्हरने हात केला की नाही, दिव्यामुळे मला दिसलं नाही.