मीटरकाकांचे रीडिंग

"जरा पुन्हा चालून दाखवता? खिडकीपर्यंत जा आणि परत या."

विमा कंपनीचा तपासनीस खुर्चीच्या कडेवर बसला होता. मांडीवर फॉर्म, हातात पेन. मीटरकाका भिंतीला हात न लावता खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. काठी त्यांनी सकाळीच पलंगाखाली सरकवली होती. दाढी झाली होती, अंगात इस्त्रीचा शर्ट होता. दारात उभी असलेली सून डोळ्यांनी खुणावत होती, सावकाश, सावकाश. पण त्यांनी तिच्याकडे पाहायचेच टाळले.

"दुखतं का?"

"या वयात थोडंफार दुखायचंच."

"बाथरूमला कोणी लागतं?"

"छे, माझं मी करतो."

"अहो, मी धरून नेते त्यांना," सून म्हणाली.

"मॅडम, पेशंटलाच बोलू द्या."

तपासनिसाने चौकटीत खूण केली. काकांनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "घ्या. चौतीस वर्षं लोकांच्या घरी पाण्याची मीटरं वाचायला जात होतो, पण घोटभर पाणी कुणी विचारलं नाही."

तपासनीस पहिल्यांदाच हसला. पाणी प्यायला, सही घेतली आणि दोन जिने उतरून गेला. त्याची पावले ऐकू येईनाशी होईपर्यंत काका ताठ बसून राहिले. मग उठायला गेले तर उठवेना. सुनेने गरम पाण्याची पिशवी आणून कमरेखाली ठेवली. दुपारचे जेवणही त्यांनी तिथेच, त्याच खुर्चीत केले.

चार महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले. विम्याच्या खर्चाने आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली. तिने त्यांना पलंगावरून उभे केले, मग वॉकरवर, मग काठीवर आणले. आता जिना उरला होता. न्हावी, पेपरवाला, कोपऱ्यावरचा बाक, सगळे त्या जिन्याच्या खाली होते. ज्या माणसाने दिवसाला शंभर-सव्वाशे घरांच्या जिन्यांची चढ-उतार केली, तो ऑपरेशननंतर स्ट्रेचरवरून वर आला होता आणि पुन्हा खाली गेलाच नव्हता.

पाहणीनंतर नवव्या दिवशी पत्र आले. 'विमाधारक घरात आधाराविना चालतात. उपचारांचे उद्दिष्ट साध्य झाले आहे. जिना हा घराबाहेरील भाग असल्याने त्याचा विचार करता येत नाही.'

सुनेने ऑफिसातून फोन लावला. वीस मिनिटे संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली, तिने दुसरीकडे जोडून दिले, दुसरीकडे पुन्हा तेच संगीत.

"असंच असतं, ताई," संध्याकाळी फिजिओ वही बंद करत म्हणाली. "सुधारणा नाही दिसली तर म्हणतात, उपयोग काय, बंद करा. दिसली तर म्हणतात, बरे झाले, बंद करा. मी तर आपणहून यायला तयार आहे, पण आमच्या ऑफिसला ते चालत नाही." तिने व्यायामांची चित्रे काढून भिंतीवर चिकटवली. "काका, जिना मात्र एकट्याने नाही हं."

ती गेल्यावर सुनेचा बांध फुटला. नवरा कामासाठी आठवडाभर परगावी असायचा, नोकरी सांभाळून हे सगळे तिच्याच अंगावर होते.

"थोडं लंगडला असतात तर काय बिघडलं असतं, बाबा?"

"खोटं कशाला दाखवायचं?"

"खोटं? चौतीस वर्षांत कधी मीटर न बघता आकडा टाकलात?"

"एकदाही नाही."

"मग त्या दिवशी काय केलंत?"

काकांनी भिंतीवरच्या चित्रांकडे तोंड फिरवले. तिला वाटले, जास्त बोलले. पण शब्द मागे घ्यायचे त्राण तिच्यात नव्हते.

सकाळी त्यांनी कागद मागून घेतला. मीटरच्या वहीत लिहायचे तसे एकाखाली एक, स्वच्छ अक्षरात लिहिले. पलंगावरून उठायला दोनदा प्रयत्न करावा लागतो. पायजम्याचा उजवा पाय सून घालते. बाथरूमचे दार मला लावून घेता येत नाही, ती बाहेर पाठ करून उभी राहते. रात्री भांडे लागते, ते तीच रिकामे करते. शेवटी लिहिले, 'पाहणीच्या दिवशी मी आहे त्यापेक्षा जास्त दाखवले. ते रीडिंग चुकीचे धरावे.'

सुनेने ते वाचले, पाकिटात घातले आणि ऑफिसला जाताना पोस्टात टाकले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. विमाधारकाचे आधीचे व आताचे म्हणणे परस्परविरोधी आहे. सबब प्रत्यक्ष पाहणीचा अहवालच ग्राह्य धरण्यात येत आहे.

"म्हणजे खरं सांगितलं ते गेलं वाया," काका म्हणाले. पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. इतके लाजिरवाणे त्यांनी आयुष्यात कुणाला लिहून दिले नव्हते, आणि आता ते कुठल्या तरी फायलीत कायमचे पडून राहणार होते.

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी सून कामावरून आली, तर काका जिन्यात बसलेले. घरापासून सात पायऱ्या खाली, कठड्याला टेकून. पायांत बाहेरच्या चपला होत्या.

ती पिशवी ठेवून त्यांच्या शेजारी बसली.

"कधीपासून?"

"चार वाजले असतील. खालीही जाता येईना, वरही."

"अहो, मग हाक मारायची ना कुणाला. इतकी माणसं येतात-जातात."

"तिघं गेली. तिघांनीही विचारलं, काका, बरं आहे ना?"

"मग?"

"बरं आहे म्हणालो. हवेला बसलोय म्हणालो."

तिने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हाताने कठडा धरला आणि उठायच्या बेतात होती. तेवढ्यात खालून पावले वाजली. कुणीतरी वर येत होते.

काकांनी तिच्या खांद्यावरून हात काढून घेतला. कॉलर सारखी केली. दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून जवळ ओढला आणि येणाऱ्याला वाट करून दिली.