काटासाहेबांचा अंगठा

जाहिरात लागली रे लागली, की काटासाहेबांचा अंगठा रिमोटवर पडायचा आणि टीव्ही मुका व्हायचा. मग बायका नुसतीच तोंडं हलवत हसायच्या, गाड्या आवाज न करता डोंगर चढायच्या, आणि साहेब आरामखुर्चीत मान मागे टाकून म्हणायचे, "करा, किती बडबड करायची ती करा." बातम्या परत सुरू झाल्या की अंगठा पुन्हा पडायचा. निवृत्त झाल्यापासून चौदा वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बत्तीस वर्षं ते बाजारात शिरले की दुकानदार घाईघाईने पारडी पुसू लागायचे. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेलं किलोचं वजन, मोजताना हळूच टेकवलेला अंगठा, सगळं त्यांना लांबूनच दिसायचं. त्यांना खरं नाव होतं, पण ते आता पासबुकापुरतं उरलं होतं. गल्लीत ते काटासाहेबच. स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानाला त्यांनी सील ठोकलं होतं आणि त्यापायी बायको दोन महिने त्यांच्याशी बोलली नव्हती, हे ते अजून छाती काढून सांगायचे. "माझ्या काट्याला नातं कळत नाही," असा शेवट करायचे. ती बिचारी आता हयात नव्हती, नाहीतर तिनेही दोन शब्द सुनावले असते.

घरात आता साहेब, मुलगा आणि सून. मुलगा महिन्यातले वीस दिवस कामासाठी बाहेरगावी, म्हणजे खरं तर सासरा आणि सून एवढीच माणसं. आणि सुनेचं काम काय? तर जाहिरातींना आवाज द्यायचा! आता काय म्हणावं या योगाला.

फार नावाजलेला आवाज होता अशातला भाग नाही. लिफ्टमधलं "दरवाजा बंद होत आहे" तिचं. बँकेच्या फोनवर "कृपया थांबा" म्हणून माणसाचा अंत पाहणारी बाई तीच. स्टुडिओतले लोक तिच्या आवाजाला 'घरगुती' म्हणायचे. याचा अर्थ असा, की आयत्या वेळी बोलवायचं आणि चहावर बोळवण करायची. नऊ वर्षं तिने हे निमूटपणे केलं. पहिली जाहिरात टीव्हीवर आली, तेव्हा ती धावत बाहेर येऊन म्हणाली होती, "बाबा, आता लागेल ती माझी हं!"

"हो का? छान," असं म्हणून साहेबांनी अंगठा दाबला.

"अहो बाबा!"

"हे बघ सूनबाई, नियम म्हणजे नियम. जाहिरात ऐकून वस्तू घेणारा माणूस आणि मेंढरू यांत फरक एवढाच, की मेंढराची लोकर तरी कामाला येते."

सुनेने आत जाऊन भांडी अशी घासली, की शेजारीण विचारायला आली. त्या दिवसापासून तिने आपल्या कामाबद्दल घरात चकार शब्द काढला नाही. ज्या घरात आपला आवाज रोज मुद्दाम बंद केला जातो, तिथे सांगायचं तरी कुणाला?

पण या वेळी राहवलं नाही. गोष्टच तशी होती. धुण्याच्या पावडरीच्या एका मोठ्या कंपनीने एकाच जाहिरातीला दोन आवाज लावले होते. शहराच्या अर्ध्या भागात आवाज एका गाजलेल्या नटीचा, उरलेल्या अर्ध्यात हिचा. दोन महिने दोन्ही दाखवायच्या, मग दुकानांतला खप बघायचा. जिचा भाग जास्त पावडर घेईल, तिच्याशी पाच वर्षांचा करार. लिफ्ट नाही, बँक नाही, आयत्या वेळची धावपळ नाही. पाच वर्षं तिचा आवाज देशभर. वय एक्केचाळीस झालेलं; असं काम पुन्हा दारात येणार नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि नशिबाने म्हणा, ती राहत होती तो भाग तिच्याच आवाजाच्या वाट्याला आला होता.

जेवताना तिने हे सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे लोक आवाज ऐकून पावडर घेणार," ते म्हणाले.

"कंपनीला तरी तसं वाटतं."

"खुळे आहेत. लोक जे घेतात तेच घेतात. वाक्य काय आहे?"

तिने कधी नव्हे ते हौसेने म्हणून दाखवलं, "अहो, डागाचं काय घेऊन बसलात? कपडा बघा, कपडा!"

"हं," साहेब म्हणाले. "भात वाढ."

त्यानंतर दीड महिना ती जाहिरात रोज संध्याकाळी बातम्यांत लागायची आणि रोज अंगठा पडायचा. सून स्वयंपाकघरात हात पुसत उभी राहून दारातून बघायची. पडद्यावरची बाई शर्ट झटकायची, ओठ हलवायची, आणि हिचं वाक्य तिच्या घशातच राहायचं. एवढा राग यायचा म्हणता! पण सासऱ्याशी भांडणार कोण?

एके दिवशी पाहुणे येणार म्हणून जास्तीची चादर हवी होती. साहेब फिरायला गेले होते. तिने त्यांच्या खोलीतल्या पलंगाची फळी उचलली आणि ती तशीच धरून उभी राहिली. चादरी एका कोपऱ्यात कोंबल्या होत्या. बाकी पलंगभर निळी पाकिटं. तीच पावडर. तिने मोजली; त्रेचाळीस भरली. घरात कपडे साबणाच्या वडीने धुतले जात. तीसुद्धा वडीच वापरायची. मग हे काय गौडबंगाल?

प्रत्येक पाकिटावर साहेबांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी होती. पहिलीवर तारीख, आणि खाली: 'किलोमागे सहा ग्रॅम कमी. तक्रार करणे.' पुढे 'तक्रार करणे' खोडून लिहिलं होतं, 'सध्या नको.' दुसरीवर, 'पाच ग्रॅम कमी. सध्या नको.' तिसरीवर, चौथीवर, शेवटपर्यंत तेच.

ज्या माणसाने मेव्हण्याला सोडलं नाही, तो सहा सहा ग्रॅम गिळून बसला होता.

ती तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानदार गल्ल्याशेजारी छोटा टीव्ही लावून बसायचा.

"आमचे बाबा तुमच्याकडून काय काय नेतात हो?"

"साहेब?" दुकानदार हसला. "पावडर. दुसरं काही नाही. कधी रोज एक, कधी एकदम दोन. मी म्हटलं, साहेब, लाँड्री काढलीत काय? तर माझ्यावरच डोळे वटारले. आणि दुपारी बरोबर त्या जाहिरातीच्या वेळेला येतात. मला म्हणतात, आवाज वाढव. ऐकतात, पाकीट घेतात, जातात. मी वजनात मारेन म्हणून येतात असं वाटायचं मला आधी. महिनाभर झोप नव्हती!"

सून घरी आली. आपल्याला हसू येतंय का रडू, हे तिचं तिलाच कळेना. मग हळूहळू दुसरी गोष्ट लक्षात आली. हा खप खोटा होता. कंपनीच्या काट्यावर कुणीतरी अंगठा टेकवला होता, आणि तो अंगठा काटासाहेबांचा होता.

सांगायला हवं होतं. त्यांना थांबवायला हवं होतं. तिने काय केलं? चादर काढली, पाकिटं होती तशी लावली आणि फळी बंद केली. पाच वर्षांचा करार आहे हो, तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

आठवड्याने दारावरची घंटा वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, घामाघूम झालेला एक गृहस्थ. कंपनीचा पाहणीवाला.

"कोपऱ्यावरच्या दुकानाचा खप सगळ्या शहरात जास्त आहे," तो आत येता येता म्हणाला. "दुकानदार म्हणाला, एकच गिऱ्हाईक आहे. साहेब, चौदा वर्षं मी दारं वाजवतोय, पण जाहिरातीचा एवढा परिणाम झालेला माणूस मला भेटला नाही. वरून हुकूम आहे, तुमची मुलाखत घ्यायची."

सुनेने तोंड मिटून पाणी आणून दिलं. एक शब्द बोलली असती, तर त्याने आवाज ओळखलाच असता.

"मॅडम बोलत नाहीत का?"

"तिचा घसा बसलाय," साहेब म्हणाले. आणि त्यांचे कान लाल झाले. सुनेने पेला उचलला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. बावीस वर्षांत सासऱ्याच्या तोंडून तिने ऐकलेलं हे पहिलं खोटं.

पाहणीवाल्याचे प्रश्न सुरू झाले. जाहिरात पाहता का? पाहतो. त्यातलं काय आवडतं? आवाज. जाहिरात ऐकूनच पावडर घेता? हो. तिच्यावाचून घेतली असती? मुळीच नाही. साहेब एकेक उत्तर जपून देत होते, आणि गंमत म्हणजे त्यातलं एकही खोटं नव्हतं. पाहणीवाला तर हरखून गेला होता. लिहिताना त्याची जीभ बाहेर येत होती.

"आवाजाबद्दल जरा जास्त सांगा ना."

"खरा आवाज आहे," साहेब म्हणाले. "त्यात भेसळ नाही. मी बत्तीस वर्षं भेसळीचा बाजार पाहिलाय, मला कळतं."

दाराआड सुनेने पदर तोंडात धरला.

"वा! आता एकच राहिला. खरं तर हा आधी विचारायचा असतो, पण मी भरात विसरलो. तुमच्या घरातलं कुणी जाहिरातीच्या कामात आहे का? असेल तर फॉर्म रद्द होतो, म्हणून विचारायचं. नाहीच लिहितो, काय?"

"थांबा," साहेब म्हणाले.

सुनेने फटीतून पाहिलं. साहेबांचा उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर दाबला गेला होता, इतका, की नख पांढरं पडलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. काय बाहेर येणार हे तिला दिसत होतं. ते 'नाही' म्हणणार होते. आणि ते एकदा म्हटलं, की हा माणूस पुन्हा कुणाला मेव्हण्याची गोष्ट सांगू शकणार नव्हता.

"आहे," ती बाहेर येत म्हणाली. "मी आहे. तो आवाज माझाच आहे, आणि हे माझे सासरे."

पाहणीवाल्याचं पेन थांबलं. लिफ्टमध्ये, फोनवर, टीव्हीवर ऐकलेली बाई त्याच्यासमोर ओला हात पदराला पुसत उभी होती.

"सूनबाई, आत जा."

"नाही बाबा."

त्याने खाली मान घालून फॉर्मवर तिरकी रेघ मारली. जाताना चपला घालता घालता तो म्हणाला, "ताई, माझ्या हातात असतं तर... पण खरं सांगू? साहेबांची पाकिटं वगळली, तर दोन्ही भागांत खप सारखाच आहे. आवाज तुमचा असो की त्या नटीचा, लोकांनी एक पाकीटसुद्धा जास्त घेतलेलं नाही." म्हणजे अख्ख्या शहरात जाहिरातीला भुललेला माणूस एकच निघाला, आणि तोही चौदा वर्षं जाहिरातींची तोंडं बंद करणारा.

दार लागलं.

"मी नाही म्हणणार होतो," साहेब म्हणाले.

"म्हणूनच आले बाहेर."

"तुझं काम घालवलंस."

"तुम्ही घरात का ऐकलं नाहीत कधी? दुकानात जाऊन उभं राहायचं आणि इथे..." नऊ वर्षं साठलेलं सगळं एकदम डोळ्यांतून आलं.

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. "एवढं बोलून ठेवलं होतं ना," ते शेवटी म्हणाले. "मग मागे फिरायचं कसं, ते कळेना."

करार नटीला मिळाला. का, ते विचारू नका. खप सारखाच असला की ज्याचा फोटो मोठा, त्याच्याकडे पारडं झुकतं. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी पलंगातल्या चिठ्ठ्या काढल्या आणि एकूण एक पाकिटाच्या तुटीची तक्रार, ग्रॅमनिशी, आपल्या जुन्या खात्याकडे टपालाने पाठवली. त्यानंतर वडी बंद झाली. त्या पावडरीने शर्टाच्या कॉलरचा मळ काही निघायचा नाही, पण संपवणं भाग होतं.

सून पुन्हा लिफ्टमध्ये दरवाजे बंद करू लागली. महिन्याभराने संध्याकाळी ती भाजी निवडत बाहेरच बसली होती, तेव्हा बातम्या थांबल्या आणि तीच जाहिरात लागली. तीच बाई, तोच शर्ट. नटीचा लाडिक आवाज आला, "अहो, डागा..." आणि अंगठा पडला.

सुनेने मान वर केली नाही.

"हं," साहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली होती. पडद्यावरच्या बाईचे ओठ मुकाट हलत होते. "म्हण तू. लवकर, संपेल ती."