खांद्याखालचं जंगल

गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक कंपन्यांत एकेकाळी मुखरू पेंटरचा पडदा उघडला की नट बोलायच्या आधीच टाळ्या पडायच्या. रस्ता, महाल, झोपडी कोणीही रंगवी. जंगल मात्र मुखरूचंच. त्यातलं मोहाचं झाड असं हुबेहूब, की पुढच्या रांगेतल्या बाया फुलं कधी गळतील यावर पैज लावत. वीस फूट रुंद, बारा फूट उंच मांजरपाट अंगणात बांबूवर ताणायचा आणि खांद्यापासून अख्खा हात फिरवत उभ्याउभ्या रंगवायचा, वरच्या शेंड्यांपुरती शिडी लावायची, अशी त्याची पद्धत.

दिव्यानी ही त्याची एकुलती लेक. रंगात घालायचा चिकट सरस शिजल्याचा वास आला की आजही तिला भूक लागते, कारण त्याच चुलीवर पाठोपाठ भात चढायचा. शाळेतून आली की ती ओल्या पडद्याच्या मागे जाऊन बसे. उन्हात उलट्या बाजूने सगळं जंगल फिकट दिसे आणि त्यातून बापाच्या हाताची सावली इकडून तिकडे फिरे. ते बघत ती तासन्‌तास बसायची. तसं निवांत बसणं पुढे तिच्या वाट्याला आलंच नाही.

मग फ्लेक्स आलं. दिव्यानी चंद्रपूरला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनच्या कामाला लागली आणि वडशाला गेलेला पहिला छापील पडदा तिच्याच कॉम्प्युटरवरून निघाला. नेटवरून उतरवलेलं जंगल होतं ते. टोकदार झाडं आणि कोपऱ्यात चक्क बर्फ. नाटकातला डाकू बर्फात लपला आणि प्रेक्षकांनी चालवूनही घेतलं. चालवून घेणारा प्रेक्षक मिळाला की कलावंताचं वाटोळं व्हायला दुसरा दुश्मन लागत नाही. दिव्यानीला त्या पडद्याची लाज वाटे, पण पगार त्याच कामाचा होता.

दोन वर्षांपूर्वी शुगरने मुखरूचा उजवा खांदा धरला. हात खांद्यापर्यंतही उचलेना. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, त्याने आठ दिवस केला आणि सोडला. डब्यांतले रंग वाळले, ब्रश कडक झाले. विचारलं की तो म्हणे, आता कोणाले पायजे हातचा पडदा. खांद्याचं नाव काढत नसे.

यंदा पोळा झाल्यावर एका नाटक कंपनीचे मालक भैयाजी आपणहून मुखरूच्या घरी आले. लोक छापील जंगलाला कंटाळले होते. छापा हवं तर, पण चित्र मुखरूचं पाहिजे, तेही दसऱ्याच्या आत. नाही जमलं तर मग पुन्हा नेटवरचंच घेऊ, असं ते सांगून गेले. दिव्यानीने हे ऐकलं तेव्हाच ठरवलं, बापाला चित्र काढायचा टॅबलेट घ्यायचा. पाटीसारखी काळी पट्टी आणि एक पेन. पट्टीवर काढलं की चित्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटतं. या वर्षीही बाबांनी काढलं नाही तर पुढे ते कधीच काढणार नाहीत, हे तिला कळत होतं.

मुखरू रेल्वेने चंद्रपूरला आला. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने टॅबलेटची तीन मापं काउंटरवर मांडली: लहान वहीएवढं, मधलं, आणि जेवणाच्या ताटापेक्षा मोठं. हात किती फिरतो त्यावर माप ठरवा, मनगटावर काम असेल तर लहान पुरतं, असं तो समजावत होता. पण मुखरूने त्याचं ऐकलंच नाही. लहानाकडे त्याने असं पाहिलं, जसं वाघाच्या शिकाऱ्याला कोणी उंदराचा पिंजरा दाखवावा. हातभराएवढं लहान काम आपण आयुष्यात कधी केलं नाही, म्हणे. दिव्यानीही बापाच्या जुन्या रुबाबावर भाळली आणि मोठाच बांधून घेतला.

दिव्यानीच्या घरी आल्यावर मुखरूने पहिलं काय केलं असेल, तर टॅबलेट भिंतीला खिळ्यांवर टेकवून उभा केला. पडदा काय कोणी बसून रंगवतो? दोन रेघा मारल्या, सवयीने सहा पावलं मागे गेला, डोळे बारीक करून पाहिलं, तर पट्टी काळी ती काळीच. चित्र शेजारच्या टेबलावर लॅपटॉपमध्ये. दिव्यानीला हसू आवरेना, तोही हसला. तिने टॅबलेट टेबलावर आडवा ठेवला, शेजारी खुर्ची दिली आणि चहा ठेवायला गेली.

दोन दिवसांत मुखरूने बारा झाडं काढली. बुंधे असे, की साल बोटाला टोचावी. वारूळ होतं, तेंदूची झुडपं होती. पण वर काहीच नव्हतं. बाराही झाडं एकाच उंचीला थांबली होती, शेंड्यांविना. दिव्यानीला वाटलं, अजून व्हायचं असेल. मग तिने दाराआडून पाहिलं. पेन पट्टीच्या मध्यापर्यंत जाई, तिथे बापाचा चेहरा कळवळे आणि हात आपोआप खाली येई. हट्टाने आणलेलं मोठं माप त्याला रोज त्याचा खांदा दाखवत होतं.

खरं बोलायची तिची छाती झाली नाही. टॅबलेटमध्ये बिघाड आहे, पेनाची रेघ मधेच तुटते, बदलून आणू, असं तिने सांगून टाकलं. सकाळी मुखरूच आधी तयार होऊन बसला.

दुकानदाराने खोका उघडून विचारलं, तक्रार काय आहे. दिव्यानी पेनाचं सांगू लागली, तोच मुखरूने तिला थांबवलं.

"वस्तूत काई खराबी नाई, भाऊ," तो म्हणाला. "उगाच तुमच्या मालाले नाव कायले ठेवू? माझा हात एवढाच राह्यला."

दुकानात आणखी दोन-चार गिऱ्हाइकं होती. दिव्यानीला वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. पण मुखरू आता थांबणार नव्हता. त्याने खिशातला खडू काढला, परवानगी विचारली, कोपर काउंटरवर टेकवलं आणि ते न उचलता, दुखणार नाही तेवढाच हात फिरवून एक कमान ओढली. वीतभर आणि वर चार बोटं.

"याच्यात बसंन असा द्या."

दुकानदाराने मधला ठेवून पाहिला, तो बाहेर डोकावला. लहान ठेवला, तो बरोबर आत बसला. मुखरूने खडूची रेघ स्वतःच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली.

लहान पट्टीवर दिव्यानीने त्याला एक नवी गोष्ट शिकवली. चित्र हवं तेवढं मोठं करायचं आणि झाडाचा शेंडा ओढून सरळ हाताखाली घ्यायचा. मुखरू आधी चाचरला, मग लहान पोरासारखा रमला. मोहाचा शेंडा, ऐनाचा शेंडा, बेहड्याचा शेंडा. एकेक खाली ओढून तो पानं काढत बसे. जेवायला हाक मारली तर ऐकू जात नसे.

दसऱ्याच्या चार दिवस आधी वडशाच्या मोकळ्या मैदानात पडदा चढला. भैयाजी खूश झाले, माणसं जमली. मुखरू मात्र मान वर करून नुसता बघत राहिला. इतका वेळ, की दिव्यानी घाबरली. छपाईचा रंग फसला असेल, सगळ्यात बारीक चूक त्यालाच दिसणार. तिने जवळ जाऊन विचारलं, काय चुकलं.

"चुकलं नाई, बाई." त्याची नजर शेंड्यांवरच होती. "शिडीवर मले लय भेव वाटे. तुह्या मायलेबी कधी सांगतलं नाई. वरचे शेंडे चाळीस वर्षं मी डोळे मिटल्यावानी उरकले अन् घाईघाईनं खाली उतरलो. लोकं टाळ्या वाजवत, मी खाली मान घाली."

त्याने पुन्हा वर पाहिलं.

"पुरं जंगल मी यंदाच काढलं."