घोंगडीतली जास्वंद

मी जुनी आहे, पत्र्याची आहे आणि आता बुडाला गळतेही. पण मित्रांनो, मला टमरेल म्हणायचं नाही. मी झारी आहे. माझ्या तोटीच्या तोंडाला जाळी आहे, तिच्यातून पाणी भुरभुर पडतं. टमरेलाला जमतं का हे?

माझा जन्म सेलूचा. परमेश्वर नावाच्या कारागिराने गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यातून मला घडवलं. त्याने डबा कापला, डाख देऊन तोटी जोडली आणि खिळ्याने जाळीला भोकं पाडली. डब्यावरच्या भुईमुगाच्या शेंगांचं चित्र अजूनही माझ्या पोटावर अर्धंमुर्धं दिसतं. रामकिशनने मला बाजारातून घेतलं आणि देवगाव फाट्याजवळच्या आपल्या घरी आणलं, ते नव्या बायकोसाठी. लोक बायकोला साडी आणतात, याने झारी आणली! त्याची आई केवळाबाई तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत होती. शिवकन्येला मात्र मी साडीपेक्षा आवडले, हे मी छातीठोकपणे सांगते.

कारण तिच्याजवळ एक झाड होतं. वालूरला तिच्या आईच्या अंगणात पांढरी जास्वंद होती. आई गेली. पुढे भावाने अंगणात फरशी घालायची म्हणून ती जास्वंद उपटून टाकली. त्याआधीच शिवकन्येने तिची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून इकडे आणली होती. दाराशी लावलेली ती फांदी जगली, कमरेएवढी झाली, फुलायला लागली. आईची म्हणून तेवढी एकच वस्तू शिवकन्येकडे उरली होती.

आमच्या भागातली थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि वारा मातीतली ओल कधी चोरून नेतो ते कळतही नाही. माणसाला वाटतं, गारठ्यात झाडाला कसली आली आहे तहान! शिवकन्येला तसं वाटत नसे. ऊन वर आलं की ती मातीत बोट खुपसून बघायची. माती कोरडी लागली की हापशाचं ताजं, कोमट पाणी माझ्यात भरायची आणि झाडाच्या बुडाशी हळूहळू घालायची. येणारी-जाणारी माणसं जास्वंदीचं कौतुक करायची. माझं नाव कुणी घेत नसे, पण मी मनातल्या मनात मिरवून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी शिवकन्या बाळंतपणाला वालूरला चुलतीकडे गेली. जाताना सासूला म्हणाली, "आत्याबाई, माझ्या झाडाकडं बघा बरं."

"लेकरावानी बघते," केवळाबाई म्हणाली. आणि तिने शब्द पाळला. तेच तर नडलं.

केवळाबाईचा सगळा जन्म मेंढरांत गेलेला. थंडीत जन्मलेलं कोकरू कसं जगवायचं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ते कोरडं ठेवायचं, घोंगडीत घ्यायचं, पाण्याजवळ फिरकू द्यायचं नाही. सुरुवातीला ती मला नेमाने भरायची. मग कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी नुकतं जन्मलेलं कोकरू पाण्याच्या घमेल्यात पडलं. केवळाबाईने त्याला पुसलं, शेकलं, पोटाशी धरलं, तरी दुपारपर्यंत ते गेलं. ती तशीच ओल्या लुगड्याने जास्वंदीजवळ आली. जास्वंदीचं एक पान पिवळं पडलं होतं. माझ्याकडे येणारा तिचा हात थांबला.

"न्हाई गं माय," ती झाडाला म्हणाली, "तुला न्हाई भिजवणार म्या आता."

तिने मला भिंतीशी आडवं टाकलं. घरातली जुनी घोंगडी आणून जास्वंदीभोवती गुंडाळली आणि वरून सुतळी बांधली.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस आठवले की आजही माझा पत्रा थरथरतो. झाड माझ्यापासून दोन हातांवर होतं. मी रिकामी होते आणि ते तहानलेलं होतं. मी ओरडत होते, पण झारीचं ओरडणं ऐकणार कोण? वारा माझ्या जाळीतून शिरला की शीळ वाजायची, तेवढीच काय ती माझी हाक. ती ऐकून केवळाबाई म्हणायची, "वारं लय सुटलंय आज." आणि घोंगडी आणखी आवळायची.

घोंगडीच्या खालून पानं गळून पडू लागली. झाड गारठलं असं समजून तिने वरून पोतं गुंडाळलं. आणखी पानं गळली, तेव्हा जवळच लेंड्यांची शेकोटी पेटवली. उरलीसुरली ओल त्या धगीने गेली. अगं बाई, पाणी घाल! हापसा समोर आहे, मी इथे पडले आहे, फक्त पाणी घाल!

रामकिशन जिनिंगवर कामाला. कापसाचा हंगाम, त्यामुळे तो उजाडायच्या आत जायचा. त्याने एकदा विचारलं मात्र, "माय, झाडाला पाणी घालायलीस ना?"

"पाण्यानंच कोकरू गेलं की रं," ती म्हणाली. "तुला कापसातलं कळतंय, यातलं न्हाई."

तो जेवायला बसला. वालूरहून शिवकन्येचा फोन आला की केवळाबाई आनंदाने सांगायची, "झाड मजेत हाय तुझं. उबंत बसलंय." मी पलीकडे पडून ते ऐकत होते. त्या वेळी मला एक तोंड असतं तर!

बाळंतपणाचा सव्वा महिना उलटल्यावर शिवकन्या लेकीला घेऊन आली. केवळाबाईने दारात दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातीचा मुका घेतला आणि सुनेचा हात धरून तिला झाडाकडे ओढत नेलं.

"हे तुझं थोरलं लेकरू बघ. एक थेंब बी लागू दिला न्हाई त्याला."

तिने सुतळी सोडली. पोतं काढलं, घोंगडी काढली. आत काटक्या होत्या. शिवकन्येने नखाने एका फांदीची साल खरवडली. आत तपकिरी. खाली खरवडलं, तिथेही तपकिरी. मातीपर्यंत खरवडत गेली, हिरवं कुठेच नव्हतं.

"थंडीनं गेलं का गं?" केवळाबाईने विचारलं.

शिवकन्येने सासूकडे पाहिलं. "व्हय आत्याबाई. थंडीच लय होती."

पण तिचं बोट सवयीने मातीत गेलंच. माती भुकटी होऊन बोटावरून ओघळली. केवळाबाईने ती पाहिली.

"तहानलं व्हतं व्हय गं?"

शिवकन्या लेकीला छातीशी धरून रडू लागली. केवळाबाई भिंतीकडे वळली. तिने मला उचललं आणि हापशावर भरलं. पडून पडून माझ्या बुडाचा डाख उकलला होता; अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर, पायांवर सांडलं. उरलेलं तिने त्या काटक्यांच्या बुडाशी घातलं.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव लावाल, त्याच्या मातीत आधी बोट घालून बघा. त्याला काय हवं ते आपल्या मनाने ठरवू नका. आणि थंडी आहे म्हणून झारी आडवी टाकू नका.

केवळाबाई अजून रोज ऊन वर आलं की त्या वाळक्या काटक्यांना पाणी घालते. शिवकन्या तिला अडवत नाही. सगळा हिवाळा मी विनवत होते, बाई, मला उचल. आता ती मला रोज उचलते, आणि मी विनवते, बाई, मला खाली ठेव.