मळकट हळद

गोजराबाईने हळकुंडांची परात जात्यापाशी टेकवली आणि बायकांचं गाणं जागच्या जागी थांबलं. तिची थोरली जाऊ बेबीबाई परातीत डोकावली.

"काहून वं गोजरा, नवरदेवाले माती लावतं का?"

सगळ्या खळाळून हसल्या. हसणारच की! शिरपुरात गोजराबाईच्या हळदीचं केवढं नाव. पिवळीजर्द, नजर ठरू नये अशी. दरवर्षी गल्लीतल्या घराघरात ती डबाभर हळद मायेने पोचवायची. आणि आज, पोटच्या दिनेशच्या लग्नात, ही असली मळकट हळकुंडं!

गोजराबाईची नजर ओसरीकडे गेली. तिथे दोन वर्षांची नात मंजू भाकरीचा तुकडा चघळत कोंबडीच्या मागे धावत होती. संक्रांतीला हीच पोर पोट धरून बसायची, भाकरीकडे बघायचीसुद्धा नाही. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि रक्तात शिसं असल्याचं सांगितलं. मग त्या एकेक विचारत गेल्या, घराचा जुना रंग, सुरमा, भांड्यांची कल्हई, मसाले. हळद चमकावी म्हणून कुठे कुठे पिवळा रंग लावतात, त्यातही शिसं असतं, म्हणाल्या. मंजूची आई, थोरली सून सुचिता ताठ मानेने म्हणाली, हळद आमची घरची आहे, सासूबाईंच्या हातची. गोजराबाईने मात्र नजर चुकवली.

कारण दरवर्षी शेतातली वाळवलेली हळकुंडं घासून साफ व्हायला पॉलिशच्या ड्रममध्ये फिरायला लागली की ती सगळ्यांना चहाला पिटाळायची आणि कनवटीची पुडी काढून आत पिवळा रंग टाकायची. बाजारच्या मालाला चिमूटभर, घरच्या मालाला मूठभर. आपल्या माणसांना कमी कसं करायचं? नवऱ्याला, चंपतलासुद्धा याचा पत्ता नव्हता.

त्या दिवसापासून घरातला हळदीचा डबा तिने गुपचूप वापरातून काढला. यंदाच्या हळदीला रंग लागला नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे मंजूच्या पोटात दूध, मेथी, तीळ जाऊ लागलं. परवा दुसरा रिपोर्ट आला, शिसं बरंच उतरलेलं. सुचिताने पोरीला उचलून अंगणभर गिरक्या घेतल्या आणि गोजराबाई देवापुढे बसून पोटभर रडली. पण गल्लीतल्या डब्यांचं काय? त्या घरांतही लेकरं होतीच. तीन महिने ती आज सांगू, उद्या सांगू करत होती. तोंड उघडलं तर उभ्या जन्माचं नाव मातीत जाणार, तेही लग्नघरात, सगळ्यांदेखत.

ती जात्यापाशी बसली आणि खुंटा घट्ट धरला.

"माती नाही वं बाई. खऱ्या हळदीचा रंग असाच असते. इतकी वर्सं मीच वरून पिवळा रंग टाकत आली. त्यात शिसं हाये. माह्याच हातानं मी नातीले जहर चारलं. तुमच्या डब्यातली हळद भी तीच हाये. लेकरांच्या तोंडी लावू नका, आत्ताच्या आत्ता डबे घेऊन या."

सुचिता उठून घरात गेली. आता ही आयुष्यभर बोलायची नाही, गोजराबाईला वाटलं. पण सुचिता माहेरी न्यायला बांधून ठेवलेला हळदीचा डबा घेऊन आली. तो तिने परातीशेजारी ठेवला आणि मंजूला उचलून सासूच्या मांडीवर बसवलं. गोजराबाईला हुंदका आवरेना.

मग एकेक बाई उठली. डबे आले, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हळद जमा झाली. एकीने नाक मुरडलं, दुसरीने गोजराबाईच्या पाठीवर हात ठेवला. पिशवीचं तोंड बांधायची वेळ झाली तरी बेबीबाईचा पत्ता नव्हता. ती आली तेव्हा तिच्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्या हातात अर्धी रिकामी पिवळी पुडी.

"हे भी टाक त्यात," खाली बघत ती म्हणाली. "तुह्या हळदीपेक्षा माही पिवळी दिसावी म्हणून मी भी टाकत होती."

गोजराबाईने पुडी घेऊन पिशवीत टाकली. मग तिला असं हसू फुटलं की मांडीवरची मंजूही खिदळायला लागली. हसता हसता डोळे पुसत ती सरकली आणि जात्यापाशी जावेला जागा करून दिली.

"बस," ती म्हणाली. "गाणं कुठवर आलं होतं?"